अवर्णलवकाचा अर्ज

विषय : मठाच्या कोठारातून प्रवचनाच्या ओट्यावर बदली मिळण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराने याच विषयावर पूर्वी केलेला तोंडी अर्ज. तो महाराजांना ऐकू आला नव्हता.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार मोरेश्वर खांबेटे हा निगडवाडीच्या टेकडीवरील मठात कोठाराचे काम पाहतो. मठात येण्यापूर्वी तो तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. ही गोष्ट मठात सर्वांना ठाऊक आहे, कारण ती तो स्वतःच सांगतो.

प्रकरणाची हकीकत येणेप्रमाणे.

“...पण कोठारातच का, बुवा?”

मठाचे महाराज धोंडोबुवा यांनी मान वर केली नाही. ते ओसरीवर बसून ताकाच्या रवीला नवी दोरी बांधत होते.

“कुठं ठेवायला हवं होतं?”

“त्र्यंबक आहे तिथं.”

“त्र्यंबक कुठं आहे?”

“ओट्यावर. उजेडात. लोकांसमोर.”

बुवांनी गाठ ओढून पाहिली. सैल होती. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

दोन दिवसांनी मठाच्या मूळपुरुषाचा उत्सव होता. त्या दिवशी पंचक्रोशीतली माणसे टेकडी चढून येत आणि एका शिष्याला ओट्यावर बसून त्यांच्यापुढे बोलावे लागे. दरवर्षी त्र्यंबक बोले. बुवांचे आता वय झाले होते, आणि यंदा जो ओट्यावर बसेल तोच पुढे गादीवर बसेल असे गावात म्हणत. गावात नेमके कोण म्हणते, हे मोरेश्वराला सांगता आले नसते. पण त्याने ते ऐकले होते, आणि ऐकल्यापासून त्याला अन्न गोड लागत नव्हते.

संशयाची सवय त्याला मठात लागली असे नाही. कॉलेजात खडूची पेटी हलकी वाटली तरी तो विभागप्रमुखाच्या खिशाकडे बघत असे. मठात खडू नव्हते, पण माणसे होती. त्र्यंबकाने सकाळी “झोप लागली का?” असे विचारले, तर ती लागू नये अशी याची इच्छा का, हा प्रश्न मोरेश्वराला पडे. नाही विचारले, तर त्याअर्थी त्याला आधीच माहीत आहे.

“बुवा, मी हे हेव्यानं बोलत नाही. शास्त्रानं बोलतो.”

“बोल की.”

मोरेश्वराने घसा साफ केला. हे बोलणे त्याने तांदूळ निवडताना बरेच दिवस मनात घोळवले होते.

तो म्हणाला की झाड हे पेशींचे बनलेले असते. पेशी म्हणजे झाडाची एकेक खोली समजा. त्या खोलीत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पुड्या असतात. त्यांना लवके म्हणतात. लवके मुख्यतः तीन जातींची. पहिले हरितलवक. ते हिरवे असते, पानात राहते, आणि उन्हाच्या जोरावर हवा-पाण्यातून साखर करते. सगळे झाड त्याच्या जिवावर जेवते. त्यामुळे जो तो त्याचेच नाव घेतो.

“तो त्र्यंबक,” बुवा म्हणाले.

“दिसायला तसाच. साखर किती करतो ते मला ठाऊक नाही.”

“दुसरं?”

दुसरे वर्णलवक. ते लाल, पिवळे, नारिंगी असते. झेंडूच्या पाकळीत, पिकल्या टोमॅटोत, गाजरात सापडते. फुलाचा रंग बघून माशी येते, फळाचा रंग बघून पाखरू येते. एक पराग नेते, दुसरे बी नेते.

बुवांनी फाटकाकडे पाहिले. तिथे कमलाकर नावाचा शिष्य केशरी फेटा बांधून, आलेल्या पाहुण्यांना बुक्का लावत उभा होता. मोरेश्वरानेही तिकडे पाहिले.

“ही तीन जन्मतःच वेगळी?”

“नाही बुवा. तिथंच तर सगळं आहे.” मोरेश्वर पुढे सरकला. “कोवळ्या कोंबात सगळी सारखीच असतात. बारीक, बिनरंगाची, काहीच न ठरलेली. मग ज्याला जिथं ठेवावं तसं ते होतं. पानात गेलं की हिरवं. फुलात गेलं की रंगीत. पुन्हा आयुष्यभर तेच राहतं असंही नाही. हिरवी मिरची लाल होते, तेव्हा तेच हरितलवक वर्णलवक झालेलं असतं.”

“म्हणजे साखर करणं सुटलं.”

“सुटलं.”

“मग करते काय?”

मोरेश्वराने विचार केला. “दिसते.”

“हं...”

या हुंकारात बुवांनी आपल्याला कुठे अडकवले तर नाही ना, हे मोरेश्वराने तपासून पाहिले. काही सापडले नाही. तरी त्याने तो लक्षात ठेवला.

“बटाट्याचंही तसंच,” तो म्हणाला. “अंधारात असतो तेव्हा त्याच्या लवकांना रंग नसतो. उजेडात आणून ठेवा, कातडीखाली हिरवा होतो. म्हणजे अंगात गुण होताच. कुणी उजेडात आणला नव्हता, इतकंच.”

“हिरवा बटाटा लागतो कसा?”

“कडू लागतो. खाऊही नये. पण तो दोष दुसऱ्या द्रव्याचा, लवकाचा नव्हे. आणि तो आपला मुद्दाही नाही.”

“नसेल,” बुवा म्हणाले.

त्यांनी रवीचा दांडा गुडघ्यांत धरून दोरीचे दोन्ही पदर ओढून पाहिले. दांडा गरगर फिरला. ते समाधानी दिसले. मोरेश्वराला वाटले की आपल्या अर्जापेक्षा त्या रवीचे काम लवकर मार्गी लागले.

“मोरेश्वरा, हे लवक ती पेशी बनवते ना?”

“नाही. लवक लवकापासूनच होतं. एकाची दोन होतात. पेशीला नवं लवक करता येत नाही.”

“मग पहिलं कुठून आलं?”

प्रश्न चांगला होता, म्हणून मोरेश्वराला तो आवडला नाही. त्याने सांगितले की फार फार पूर्वी तो एक स्वतंत्र बारीक जीव होता, पाण्यात राहणारा, आपले अन्न आपण करणारा. एका मोठ्या पेशीने त्याला गिळले. पचवायचे राहून गेले. तो आत राहिला आणि घरचाच झाला.

“अर्ज केला होता त्यानं?”

“...नाही.”

“बरं. तिसरं सांग.”

“तिसरं म्हणजे मी,” मोरेश्वर म्हणाला.

तिसरे अवर्णलवक. त्याला रंग नाही. ते उजेडाच्या वाटेला जात नाही. कंदात, बियात, मुळात, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे बसते आणि साठवते. बटाट्यात पिठूळ पदार्थ साठवते, त्याला पिष्ट म्हणतात. काही बियांत तेल साठवते. काही ठिकाणी प्रथिने. करतात दुसरे, नाव होते दुसऱ्यांचे, राखण याच्याकडे. इतके बोलल्यावर मोरेश्वराचा आवाज जरा भरून आला. तो शास्त्राने आला असावा असे त्याने स्वतःला सांगितले.

“आणखी काय करतं?”

“आणखी काही नाही.”

एवढ्यात त्र्यंबक ओसरीवर आला. गोरापान, गोड गळ्याचा माणूस. त्याने बुवांना नमस्कार केला आणि मोरेश्वराकडे वळला.

“प्रोफेसर, ओट्याकडचा गूळ संपलाय. पाणी पिणाऱ्यांना हातावर काय ठेवायचं?”

मोरेश्वर म्हणाला की गूळ परवाच दिला होता. त्र्यंबक म्हणाला की माणसे खातात. मोरेश्वर म्हणाला की माणसे किती खातात ते आपल्याला माहीत आहे. त्र्यंबक हसला.

“आणि तुमचे मोड यंदा नाचायला लागलेत म्हणे? बघा हं, परवा ताटात फुगडी नको.”

तो गेला. मोरेश्वर उठून उभाच राहिला.

“पाहिलंत? ऐकलंत? त्याला कसं कळलं?”

“तूच सकाळी पंगतीत सांगितलंस.”

“मी सांगितलं ते माझ्या मनातलं दुखणं. त्यानं ओळखलं ते त्याच्या मनात आधीपासून असल्याशिवाय कसं?”

बुवांनी रवी भिंतीला टेकवून ठेवली.

इथे त्या मठाचा रिवाज सांगितला पाहिजे. मूळपुरुष आयुष्यभर मोडाची मटकी खाऊन राहिला, अशी समजूत आहे. म्हणून उत्सवाच्या पहाटे समाधीपुढे मोड आलेल्या मटकीचे ताट ठेवतात. मोड पांढरा, लांब आणि सरळ हवा. गावातल्या म्हाताऱ्या ते ताट वाकून वाकून बघतात. ज्याच्या मनात वाकडे त्याच्या हातचा मोड वाकडा, असे त्या उघड म्हणतात आणि कुणाच्या हातचा हेही विचारतात. मटकी भिजवणे, फडक्यात बांधणे, चुलीच्या उबेला भिंतीवरच्या खुंटीला टांगणे, हे काम कोठारातल्या माणसाचे. वाकडे ताट गेले तर ओटा कायमचा गेला, हे मोरेश्वराला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि यंदा मोड वाकडे येत होते. साधे वाकडे नव्हेत. इकडे वळून तिकडे वळलेले, पुन्हा इकडे.

“बुवा, माझ्या कोठारात कुणीतरी येतं,” मोरेश्वर हलक्या आवाजात म्हणाला. “माझ्या पुरचुंडीला हात लावतं. आणि हे मी शास्त्रानं सिद्ध करू शकतो.”

“चल, दाखव,” बुवा म्हणाले आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठले.

कोठार थंड आणि अंधारे होते. धान्याच्या कणग्या, तेलाचे डबे, वर शिंक्यात लोणच्याच्या बरण्या. पलीकडे स्वयंपाकघर असल्याने एक भिंत कोमट असे. त्या भिंतीवर खुंटीला ओल्या फडक्यातली मटकीची पुरचुंडी टांगली होती. मोरेश्वराने आधी दाराच्या कडीकडे पाहिले, मग जमिनीकडे, मग पुरचुंडीच्या गाठीकडे.

“गाठ माझीच आहे,” तो म्हणाला. “तो हुशार आहे. माझ्यासारखीच बांधतो.”

मग त्याने सिद्धता मांडली. मटकीतून जो पहिला बाहेर येतो तो मोड म्हणजे मूळ. मूळ खाली जाते. दाणा कसाही पडो, उलटा, आडवा, मूळ वळून खालीच जाते. ते डोळे लावून बघते असे नाही. मुळाच्या अगदी टोकाला टोपीसारख्या पेशी असतात. त्या पेशींत...

मोरेश्वर थांबला.

“त्या पेशींत काय?”

“लवकं असतात.”

“कुठल्या जातीची?”

“...अवर्ण. पिष्ट भरलेली.”

“मघाशी म्हणालास आणखी काही करत नाहीत.”

“हे काही करणं नव्हे, बुवा. ती जड असतात, म्हणून पेशीच्या तळाशी पडतात. ज्या बाजूला पडतात ती खालची बाजू, असं मूळ समजतं. आणि तिकडे वळतं.”

“त्यांना कोण सांगतं, खाली कुठं आहे ते?”

“कुणी नाही. पडतात, टेकतात. झालं.”

“म्हणजे सगळ्या झाडाला खाली कुठं ते ह्यांच्यामुळं कळतं. अंधारातल्या, बिनरंगाच्या...”

मोरेश्वर सावध झाला. बोलणे कुठल्या आळीला वळते आहे, हे त्याला दिसले.

“बुवा, स्पष्ट बोलतो. हे ऐकून मी कोठारात खूश होईन असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं होणार नाही. ज्यांना कोठारात ठेवायचं असतं त्यांना कोठाराची थोरवी सांगतात. मी वर्गात मागच्या बाकांची अशीच समजूत घालत असे.”

“मला तसं काही वाटत नाही,” बुवा म्हणाले. “मी मटकीचं विचारतोय. पुढं?”

मोरेश्वराला जरा ओशाळल्यासारखे झाले. पण बुवा इतक्या साधेपणाने का बोलताहेत, हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला.

पुढे सोपे होते. दाणा हलवला, उलटा केला, की आतली लवके पेशीच्या दुसऱ्या बाजूला पडतात. मुळाला खालची बाजू बदललीशी वाटते. ते नव्या बाजूला वळू लागते. पुन्हा हलवला, पुन्हा वळते. मोडाचे प्रत्येक वळण म्हणजे कुणीतरी केलेली एकेक ढवळाढवळ. मोड म्हणजे साक्षीदार. त्याला फोडता येत नाही, फितवता येत नाही.

“बघा. इथंच बघा.”

त्याने खुंटीवरून पुरचुंडी काढली. गाठ सोडली. फडके पसरले. बोटे आत घालून मटकी खालीवर केली, चाळवली, आणि तळातला एक दाणा उचलून दाराच्या उजेडात धरला. मोड पांढरा होता, ओला होता, आणि लहान मुलाने ओढलेल्या रेघेसारखा होता.

“हे पहिलं वळण. हे दुसरं. हे तिसरं. इथपर्यंत सरळ येत होतं, इथं कुणीतरी हात घातला.”

“दुसरा बघू.”

मोरेश्वराने पुन्हा बोटे घातली. दुसरा दाणा काढला. मग तिसरा. सगळे तसेच होते. त्याचा चेहरा उजळला. इतकी वर्षे शिकवून इतका नीट पुरावा त्याच्या हाती कधी लागला नव्हता.

बुवा दाणा तळहातावर घेऊन बघत राहिले.

“तू पहारा ठेवतोस ना?”

“ठेवतो म्हणजे? पूर्ण ठेवतो.”

“कसा?”

मोरेश्वराने सांगितले. सकाळी आंघोळीच्या आधी येऊन तो पुरचुंडी काढतो, सोडतो आणि कुणी हात लावला का ते बघतो. आंघोळीनंतर बघतो, कारण आंघोळीच्या वेळी कोठार मोकळे असते. त्र्यंबक स्वयंपाकघराकडून गेला तर लगेच बघतो. गेला नाही तर का गेला नाही म्हणून बघतो. दुपारी निजण्यापूर्वी बघतो आणि त्या काळजीने झोप येत नाही म्हणून उठून बघतो. बघून झाले की मटकी सारखी करतो, बांधतो, टांगतो. कुणाला कळूही देत नाही.

“आणि प्रत्येक वेळी...”

“प्रत्येक वेळी मोड आदल्यापेक्षा वाकडे,” मोरेश्वर म्हणाला. “इतका पहारा असून. आता तुम्हीच...”

तो बोलता बोलता फडक्याची टोके गोळा करत होता. मटकी घरंगळून एका कोपऱ्याला गेली. त्याने ती झटका देऊन मध्ये आणली. गाठ मारली.

गाठ मारून त्याने वर पाहिले. बुवा त्याच्याकडे बघत नव्हते. ते त्याच्या हातांकडे बघत होते.

मोरेश्वरानेही तिकडे बघितले. हात ओले होते. बोटांना मटकीची टरफले चिकटली होती.

बाहेर ओट्यावर त्र्यंबक परवाच्या बोलण्याची तयारी करत होता. त्याचा आवाज आत येत होता, शब्द येत नव्हते.

मोरेश्वराने पुरचुंडी खुंटीला अडकवली. फार हळू, एखादे झोपलेले मूल ठेवावे तशी. मग तो कणगीला पाठ लावून उभा राहिला. गेल्या काही दिवसांतली त्र्यंबकाची प्रत्येक हालचाल त्याने मनात उलटून पाहिली. चांगला विद्यार्थी उत्तर चुकले की रीत पुन्हा तपासतो, तशी. रीत बरोबर होती. उत्तरही बरोबर होते. फक्त आरोपी चुकला होता.

एखाद्याला इथे रडू आले असते. मोरेश्वराला संशय आला.

“बुवा, तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं.”

“काय?”

“मी सोडून बघतो ते. तुम्ही मुद्दाम काही बोलला नाहीत. मोड वाकडे होऊ दिलेत.”

“मला लवकांचं काय ठाऊक?” बुवा म्हणाले. “तू आत्ता सांगितलंस.”

मोरेश्वराने त्यांच्या डोळ्यांत बघितले. तिथे खोटे सापडले असते तर त्याला बरे वाटले असते.

तो म्हणाला की परवाच्या ताटासाठी नवी मटकी भिजवायला वेळ उरलेला नाही. गारठा अजून गेलेला नाही, मोड फुटायला उशीर लागतो. आहे तेच ताट जाईल. म्हाताऱ्या विचारतील कुणाच्या हातचे. बुवा म्हणाले की विचारतील. तो म्हणाला, मग काय सांगायचे? बुवा म्हणाले की नाव सांगायचे, मटकी भिजवणाऱ्याला नाव असते.

ते पायरी उतरून निघाले. गुडघा दुखत असावा, ते चौकट धरून थांबले.

मोरेश्वर मागे उभा होता. त्याला विचारायचे नव्हते. इतके सगळे झाल्यावर शहाण्या माणसाने विचारू नये, हे त्याला कळत होते. पण न विचारता ते तसेच गेले तर, आणि उद्या त्र्यंबकाने त्यांना एकटे गाठले तर, आणि कमलाकरानेही तोंड उघडले तर...

“मग माझ्या अर्जाचं काय, बुवा?”

धोंडोबुवांनी मागे वळून पाहिले नाही.

“टांगलाय,” ते म्हणाले. “गाठ सोडून बघू नकोस.”

अर्ज प्रलंबित आहे.